त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा : एक चरित्र आणि त्याचा काळ

१

दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात ज्या सर्वंकष राजवटी उदयास आल्या, त्यांचा इतिहास भारतीय वाचकाने बहुधा दुरूनच वाचलेला असतो. ऑक्टोबर १९२२ मध्ये रोमवर चालून गेलेले काळ्या सदऱ्यांचे दल आणि जानेवारी १९३३ मध्ये बर्लिन येथे झालेले सत्तांतर या घटना आपल्याकडे वृत्तपत्रांतून पोहोचल्या आणि पुढे महायुद्धाच्या निमित्ताने त्यांची झळ लागली. तथापि भारताच्याच पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा प्रदेशात अशा राजवटींपैकी एक राजवट तीन दशकांहून अधिक काळ प्रत्यक्ष नांदत होती, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. २८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने उठाव करून प्रजासत्ताकाचा अंत केला, तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोमंतक हा युरोपातील एका हुकूमशाहीचा भाग होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील जनता ज्या साम्राज्याशी झगडत होती, त्याच्या मायदेशात निदान संसद होती, विरोधी पक्ष होते आणि सरकारवर टीका करणारी वृत्तपत्रे होती. गोमंतकीयांच्या वाट्याला आलेल्या साम्राज्याच्या मायदेशात यांपैकी काहीही उरले नव्हते. तेथे वसाहतीतील प्रजा पारतंत्र्यात होतीच, आणि राज्यकर्त्या देशाची प्रजाही मुकी झालेली होती.

या दुहेरी बंधनाचे स्वरूप ज्यांनी आरंभीच ओळखले आणि आयुष्यभर त्याचा उलगडा केला, त्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. गोव्याच्या मुक्तिलढ्याच्या इतिहासात त्यांना गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणून स्थान मिळालेले आहे. परंतु ते स्थान मिळाल्यामुळे त्यांच्या विचाराचा अभ्यास करण्याची गरज जणू संपली, असे काहीसे घडले आहे. वस्तुतः कुन्हा हे चळवळीचे संघटक होते तितकेच लेखकही होते. आणि त्यांच्या लेखनाचा मध्यवर्ती प्रश्न भाषेचा व संस्कृतीचा असल्याने तो भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही.

२

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टी महालातील चांदर या गावी झाला. चांदर हे प्राचीन चंद्रपूर. कदंबांची राजधानी म्हणून इतिहासाला ठाऊक असलेल्या या गावात पुढे ख्रिस्ती भाटकारांची प्रशस्त घरे उभी राहिली. कुन्हा यांच्या मातेचे घराणे अशांपैकीच एक होते. म्हणजे ज्या वर्गाने पोर्तुगीज भाषा, पोर्तुगीज पोशाख आणि पोर्तुगीज शिष्टाचार हे आपल्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले, त्याच वर्गात त्यांचा जन्म झाला. त्यांनी पुढे ज्या मनोवृत्तीची चिकित्सा केली, ती त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. ती त्यांच्या दिवाणखान्यात वावरत होती.

पणजी येथील शिक्षणानंतर ते फ्रेंच अंमलाखालील पाँडिचेरीस गेले आणि तेथून पॅरिसला जाऊन त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९२६ मध्ये ते मायदेशी परतले. पहिले महायुद्ध, रशियातील क्रांती आणि युद्धोत्तर युरोपातील वैचारिक खळबळ हा सारा काळ त्यांनी पॅरिसमध्ये काढला. आशिया व आफ्रिका खंडांतील वसाहतींतून आलेले तरुण तेथे एकमेकांना भेटत होते, साम्राज्यविरोधी नियतकालिके निघत होती आणि रोमाँ रोलाँ यांच्यासारखा थोर साहित्यिक गांधीजींचे चरित्र फ्रेंचमध्ये लिहून युरोपला एका नव्या भारताची ओळख करून देत होता. कुन्हा या वर्तुळात वावरले आणि जालियनवाला बागेच्या हत्याकांडापासून असहकारापर्यंत भारतात घडणाऱ्या घटनांची माहिती त्यांनी फ्रेंच वाचकांपुढे मांडली. भारतात असताना जो तरुण पोर्तुगीज प्रजाजन होता, तो पॅरिसमध्ये भारतीय झाला. हा विरोधाभास वरवरचा आहे. स्वतःच्या भूमीत जी जाणीव दडपली गेली, ती परभूमीत मोकळी झाली, असा अनुभव त्या पिढीतील अनेक आशियाई बुद्धिवंतांचा आहे.

३

ते परतले त्या वर्षीच लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला. या योगायोगाने त्यांच्या पुढील सर्व आयुष्याची दिशा ठरली.

१९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने गोव्यात थोडा काळ मोकळेपणा आणला होता. धर्म आणि राज्य यांची फारकत झाल्याने हिंदूंना शतकांनंतर नागरिकत्वाचे समान हक्क प्राप्त झाले. मराठी शाळा व वाचनालये उभी राहिली. १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ हे पत्र सुरू केले आणि खटल्यांना तोंड देत ते चालविले. ख्रिस्ती समाजात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी पोर्तुगीज भाषेतून निर्भीड पत्रकारितेची परंपरा निर्माण केली. ‘ओ देबात’ आणि १९२८ पासून ‘प्रकाश’ या त्यांच्या पत्रांतून हिंदूंच्या हक्कांचा आणि भारतीय राष्ट्रीय चळवळीचा कैवार घेतला गेला. कुन्हा परतले ते या वातावरणाच्या अखेरच्या पर्वात.

त्यांनी हाती घेतलेल्या आरंभीच्या प्रश्नांपैकी एक मजुरांचा होता. गोव्यातील कुणबी मजुरांना आसामच्या चहाच्या मळ्यांत नेण्यात येत होते. तेथील त्यांची स्थिती वेठबिगारांहून फारशी वेगळी नव्हती. कुन्हा यांनी हे प्रकरण उघडकीस आणले, लोकमत जागे केले आणि या मजुरांना परत आणण्यासाठी खटपट केली. भाटकारांच्या कुळात जन्मलेल्या, पॅरिसमध्ये शिकलेल्या अभियंत्याने कुणब्यांचा प्रश्न हाती घ्यावा, यावरून त्यांच्या राष्ट्रवादाचा पाया कोठे होता हे कळते. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली आणि त्याच वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने तिला आपली शाखा म्हणून मान्यता दिली. परकीय सत्तेच्या चार शतकांचा आढावा घेणारी त्यांची पुस्तिका याच सुमारास प्रसिद्ध झाली.

परंतु १९२८ हेच वर्ष दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार पोर्तुगालचे अर्थमंत्री झाले. सालाझार याच्या उदयाची रीत मुसोलिनी किंवा हिटलर यांच्याहून भिन्न होती. त्याने जनसमुदायांपुढे गर्जना केल्या नाहीत, रस्त्यांवर दले उतरविली नाहीत. अंदाजपत्रकाच्या समतोलातून त्याची सत्ता वाढली. १९३० मध्ये एकमेव मान्यताप्राप्त राजकीय संघटना म्हणून राष्ट्रीय संघ स्थापन झाला. जुलै १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाला. १९३३ मध्ये सार्वमताचा देखावा करून नवी राज्यघटना अमलात आली आणि ‘नवे राज्य’ या नावाने ती व्यवस्था ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी इटलीच्या धर्तीवर कामगारविषयक कायदा झाला आणि राजकीय गुप्त पोलिसांची संघटना उभी राहिली. १९३६ मध्ये युवकांची सक्तीची संघटना आणि निमलष्करी दल ही दोन्ही स्थापन झाली आणि केप व्हर्द बेटांवरील ताराफाल येथे राजकीय कैद्यांची छावणी उघडण्यात आली.

ही राजवट शास्त्रशुद्ध अर्थाने फॅसिस्ट म्हणावी की केवळ एकतंत्री, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. जनसंघटनेचा अभाव, चर्चशी जवळीक आणि नेत्याची अबोल वृत्ती यांकडे बोट दाखवून काहीजण तिला सर्वंकष म्हणण्यास तयार नसतात. या वादात वसाहतींची साक्ष मात्र क्वचितच काढली जाते. लिस्बनच्या मध्यमवर्गीयाला जी राजवट नुसती कंटाळवाणी वाटू शकत होती, तिचे दुसरे रूप मडगावच्या किंवा लुआंडाच्या रहिवाशाला दिसत होते. कुन्हा यांनी ते फॅसिझम या नावानेच ओळखले.

४

गोव्यात ही हुकूमशाही मोर्चा काढून आली नाही. ती कायद्याच्या कागदावरून आली. जुलै १९३० मध्ये वसाहतींविषयीचा कायदा जाहीर झाला. वसाहती बाळगणे आणि तेथील मूळ रहिवाशांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्यच आहे, असा या कायद्याचा आशय होता. शतकानुशतके स्वतःला पोर्तुगीज मानत आलेल्या, पोर्तुगीज भाषेत काव्य लिहिणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती अभिजनांना एका कलमासरशी कळून चुकले, की राज्यकर्त्यांच्या लेखी ते सुसंस्कृत होण्याची वाट पाहणारे जेते नव्हे, जितच आहेत. मिनेझिस ब्रागांझा यांनी ४ जुलै १९३० रोजी गोव्याच्या विधिमंडळात या कायद्याचा निषेध करणारा आणि आपले भवितव्य आपण ठरविण्याचा पोर्तुगीज भारतातील जनतेचा हक्क अबाधित आहे असे प्रतिपादन करणारा ठराव मांडला. त्या सभागृहात उमटलेला हा अखेरचा मोठा स्वर ठरला. १९३७ मध्ये ‘प्रकाश’ बंद पडले आणि १९३८ च्या जुलैत मिनेझिस ब्रागांझा निवर्तले.

या काळात गोव्यातील छपाईवर पूर्वनियंत्रण आले. राजकीय मजकूर तर सोडाच, लग्नपत्रिकाही नियंत्रकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. सभा, संघटना, भाषण यांस परवानगीची अट पडली. वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता, ज्या पिढीने प्रजासत्ताकाच्या काळात मराठी, कोंकणी व पोर्तुगीज या तिन्ही भाषांतून लिहिण्यास उमेदीने आरंभ केला होता, तिच्या लेखणीवर ऐन भरात ही बेडी पडली. पुष्कळांनी मुंबईचा रस्ता धरला. गोमंतकीय साहित्याचा एक मोठा भाग या काळात गोव्याबाहेर लिहिला गेला, यामागे उपजीविकेइतकेच हेही एक कारण आहे.

कुन्हा यांच्या संघटनेचीही तीच गत झाली. १९३४ मध्ये काँग्रेसच्या नव्या घटनेनुसार परकीय मुलखातील शाखांची मान्यता संपली. राजवट जसजशी आवळत गेली, तसतसा बाहेरचा आधारही सुटत गेला. १९३८ मध्ये समितीचे काम मुंबईतून नव्याने सुरू करण्यात आले.

५

१९४४ मध्ये कुन्हा यांची ‘डिनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स’ ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्यांचे नाव ज्या एका कृतीशी कायमचे जोडले गेले, ती हीच. पुस्तिकेचा विषय आहे गोमंतकीयांचे, विशेषतः ख्रिस्ती गोमंतकीयांचे, अराष्ट्रीयीकरण.

त्यांचे विवेचन थोडक्यात असे सांगता येईल. पोर्तुगीज सत्ता गोव्यात टिकली ती सैन्याच्या बळावर नव्हे. तेवढे सैन्य पोर्तुगालजवळ नव्हतेच. ती टिकली, कारण तिने प्रजेच्या मनातून प्रजेचे स्वतःचे असे जे होते ते काढून घेतले. देवळांचा विध्वंस, १५६० मध्ये स्थापन झालेले आणि १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन, पोशाख, नावे व चालीरीती यांवरील निर्बंध आणि १६८४ मध्ये कोंकणीच्या जागी पोर्तुगीज आणण्यासाठी काढलेले फर्मान ही या दीर्घ प्रक्रियेची साधने होत. परिणामी असा एक वर्ग तयार झाला, की ज्याला परभाषा पूर्णपणे आपली झाली नाही आणि स्वभाषा बोलण्याची लाज वाटू लागली. अनुकरण हीच त्याची संस्कृती झाली.

हे विवेचन इतिहासाचे असले, तरी त्याचा रोख वर्तमानावर होता. सर्वंकष राजवटीला आज्ञाधारक प्रजा लागते. इतरत्र ती प्रजा घडविण्यासाठी प्रचारयंत्रणा, युवकसंघटना आणि नव्या पुराणकथा निर्माण कराव्या लागल्या. गोव्यात सालाझारला ही भूमी बरीचशी नांगरलेली मिळाली. पूर्वीच्या धार्मिक न्यायपीठाने जे भय रुजविले होते, त्याचा वारसा गुप्त पोलिसांनी चालविला. युरोपीय टीकाकार फॅसिझमची कारणे युद्धोत्तर अरिष्टात शोधत होते. कुन्हा यांच्या मांडणीतून मात्र असे दिसते, की त्याचा एक जुना प्रयोग वसाहतींत आधीच होऊन गेला होता. महायुद्धानंतर अन्य वसाहतींतील विचारवंतांनी हाच धागा पुढे नेला. एमे सेझेर यांचा वसाहतवादावरील प्रसिद्ध फ्रेंच निबंध १९५० मधील आहे. कुन्हा यांची पुस्तिका त्याच्या सहा वर्षे आधीची आहे, ही नोंद तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने करून ठेवावी अशी आहे.

पुस्तिकेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिची दृष्टी प्राधान्याने ख्रिस्ती अभिजनांवर खिळलेली आहे. लोकगीतांतून, मांड्यांतून, तियात्रांतून आणि घरगुती बोलीतून जे टिकून राहिले होते, त्याला तिच्यात पुरेसे मोल मिळालेले नाही. चार शतके चाललेल्या संस्कारातून केवळ हानीच झाली की एक संमिश्र संस्कृतीही जन्मली, हा प्रश्न नंतरच्या पिढ्यांनी उपस्थित केला आणि तो अजून मिटलेला नाही. शिवाय ही पुस्तिका इंग्रजीत आहे. स्वभाषा गमावल्याचे दुःख सांगणाऱ्या लेखकाला ते दुःख परभाषेतच सांगावे लागले. कुन्हा यांनी पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रजी या तीन युरोपीय भाषांतून लिहिले. ज्या कुणब्यांसाठी ते झटले, त्यांना त्यांच्या लेखनातील एक ओळही वाचता आली नसती. याला दोष म्हणण्यापेक्षा त्यांच्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. जे अराष्ट्रीयीकरण त्यांनी वर्णिले, त्याचे व्रण त्यांच्या स्वतःच्या लेखणीवर होते आणि त्यांनी ते लपविले नाहीत.

६

१९४५ मध्ये मुसोलिनी व हिटलर यांचा अंत झाला. सालाझार मात्र राहिला. महायुद्धात तटस्थ राहून, अखेरच्या पर्वात अझोर्स बेटांवरील तळ दोस्तराष्ट्रांना वापरू देऊन त्याने आपली राजवट वाचविली. जगाने फॅसिझमचा पराभव साजरा केला, तेव्हा गोव्यात तो शाबूत होता.

जून १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया असोळणे येथे आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले. लोहिया १९३३ पर्यंत बर्लिनमध्ये विद्यार्थी होते. एका प्रजासत्ताकाचा अस्त कसा होतो हे त्यांनी पाहिले होते. १८ जून रोजी मडगाव येथे सभाबंदी मोडून त्यांनी भाषण करण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक झाली. सोळा वर्षांचे मौन त्या दिवशी भंगले. कुन्हा या चळवळीत अग्रभागी होते. ३० जून रोजी मडगावच्या सभेत पोलिसांनी त्यांना मारहाण केली. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते. जुलैत त्यांना अटक करून आग्वादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालविण्यात आला. एका नागरिकावर गोव्यात असा खटला चालण्याचा हा पहिला प्रसंग. शिक्षा झाली आठ वर्षांची, आणि ती भोगण्यासाठी त्यांना पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात पाठविण्यात आले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे आणि जुझे इनासियु लॉयोला यांनाही पोर्तुगालला हद्दपार करण्यात आले.

पेनिशचा किल्ला लिस्बनच्या उत्तरेस अटलांटिक महासागराच्या काठी आहे. १९३४ पासून तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. सालाझारच्या विरोधात उभे राहिलेले पोर्तुगीज कामगारनेते, साम्यवादी, लेखक तेथे बंदिवान होते. गोव्याच्या देशभक्तांना शिक्षा म्हणून ज्या ठिकाणी धाडण्यात आले, तेथे हुकूमशाहीचे मूळ बळी त्यांना भेटले. वसाहतीतील प्रजेचा आणि राज्यकर्त्या देशातील प्रजेचा शत्रू एकच आहे, ही कुन्हा यांची मांडणी त्या भिंतींआड अशा रीतीने खरी ठरली. कुन्हा यांचा विरोध पोर्तुगीज लोकांना नव्हता. आणि याच कारणाने त्यांचा राष्ट्रवाद संकुचित झाला नाही.

१९५० मध्ये त्यांची मुक्तता झाली, पण पोर्तुगाल सोडण्याची मुभा मिळाली नाही. तोवर १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटो या लष्करी कराराचा एक संस्थापक सदस्य झाला होता. लोकशाहीच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या संघटनेत एका हुकूमशाहीला सन्मानाचे आसन मिळाले. १९५१ मध्ये वसाहतींचे नाव बदलून सागरपार प्रांत असे करण्यात आले. नाव बदलले, वस्तुस्थिती तीच राहिली. १९५३ मध्ये कुन्हा पोर्तुगालमधून निसटून पॅरिसला पोहोचले आणि तेथून मुंबईस आले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या शहरातून ते एका ध्येयाने मायदेशी निघाले होते, त्याच शहरातून त्यांना पुन्हा निघावे लागले. मात्र या खेपेस गोव्याची वाट बंद होती.

७

अखेरची पाच वर्षे त्यांनी मुंबईत काढली. विखुरलेल्या गटांना एकत्र आणण्यासाठी गोवा कृतिसमिती स्थापन केली आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र चालविले. पोर्तुगालच्या छत्राखाली स्वायत्तता मागावी, असे सुचविणारा एक प्रवाह गोमंतकीयांत होता. कुन्हा यांनी त्याला ठाम विरोध केला. ज्या राज्यकर्त्याने स्वदेशातील नागरिकांना स्वातंत्र्य दिले नाही, तो सागरापलीकडच्या प्रजेला स्वायत्तता देईल ही कल्पना त्यांना तर्कदुष्ट वाटत असे. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून तुकड्यांमागून तुकड्या गोव्याच्या सरहद्दीवर गेल्या. मे महिन्यात नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांची तुकडी आणि १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही. त्या दिवशी झालेल्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. एका युरोपीय हुकूमशाहीशी मराठी सत्याग्रही समोरासमोर भिडले ते येथे.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत कुन्हा यांचे निधन झाले. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी. त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह १९६१ मध्येच निघाला. मिनेझिस ब्रागांझा यांची कन्या बेर्ता यांनी ‘फ्री गोवा’चा वारसा पुढे चालविला. पोर्तुगालची जनता मुक्त होण्यास २५ एप्रिल १९७४ उजाडावे लागले. म्हणजे गोव्यातील प्रजा आपल्या राज्यकर्त्या देशातील प्रजेच्या बारा वर्षांहून अधिक काळ आधी त्या राजवटीतून सुटली. पेनिशच्या किल्ल्यात २०२४ मध्ये प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय पूर्ण झाले आहे. कुन्हा यांचे अवशेष १९८६ मध्ये मुंबईहून पणजीस आणून आझाद मैदानावरील स्मारकात ठेवण्यात आले.

अवशेषांना जागा मिळाली. लेखनाला ती मिळाली आहे असे म्हणता येत नाही. पोर्तुगीज वाङ्मयाच्या इतिहासात या लेखकाला स्थान नाही, कारण तो त्या सत्तेचा विरोधक. मराठी व कोंकणी वाङ्मयाच्या इतिहासांत नाही, कारण त्याची लेखनभाषा निराळी. आणि भारतीय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात नाही, कारण त्याने कथा-कविता लिहिल्या नाहीत. वाङ्मयाच्या इतिहासांची विभागणी भाषावार झाली की अशी माणसे दोन सरहद्दींमधल्या मोकळ्या पट्ट्यात राहतात. परंतु एखाद्या समाजाची भाषा हिरावली म्हणजे त्याचे काय होते, आणि तशा समाजावर हुकूमशाही किती सहज बसते, हा प्रश्न कुन्हा यांनी आपल्या भूमीच्या अनुभवातून मांडला. भाषांच्या अभ्यासकांना या प्रश्नाचे सोयरसुतक नसेल, तर ते अन्य कोणाला असावे?